सूर्यावर कोण गेलं होतं का, सर?

१९८३ सालची गोष्ट. डिसेंबरचा महिना होता. आमच्या शाळेची आठवीची सहल एसटीच्या लाल गाडीने विजयदुर्गला गेली होती. महाडहून पहाटे निघालो, पोलादपूरला चहा झाला, कशेडी घाटात निम्म्या मुलांना गाडी लागली, आणि दिवसभर कोकण पालथं घालत कसेबसे किल्ल्याच्या गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहिला. गावातल्या एका गृहस्थाने "साहेबाचे कट्टे" दाखवले. मी इतिहासाचा मास्तर, गप्प कसा बसणार? मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं, "मुलांनो, १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच जागेवर दुर्बीण लावली, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर हेलियम नावाचा वायू शोधून काढला. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. एक दासगावकडचा मुलगा होता, हडकुळा, मागे बसणारा. त्याने वही खाली ठेवली आणि विचारलं, "सूर्यावर कोण गेलं होतं का, सर? मग तिथला वायू कळला कसा?"

मी मराठी आणि इतिहास घेऊन बीए झालेला माणूस. मला कुठे ठाऊक! "मोठा झालास की कळेल," असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. शिक्षकाच्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लबाड उत्तर!

तो मुलगा मला परत भेटला तो २००५ च्या जुलैच्या अखेरीस. २५-२६ जुलैला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. पोलादपुरातही दरडी कोसळल्या. महाडच्या बाजारपेठेत पाणी, रस्ते बंद. तो मुंबईला नोकरीला होता. मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं अंतर पायी चालून आला होता. घर राहिलं नव्हतं, घरातली दोन माणसंही राहिली नव्हती. लोकांसाठी जेवण शिजत होतं तिथे मी होतो. त्याने मला ओळखलं, पाया पडला. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, सूर्यावरचा वायू इथनं कळतो म्हणालात तुम्ही. मग आमच्या डोंगरावर काय होणार ते नाही कळलं कुणाला?"

रागाने म्हणाला नाही. नुसतं विचारलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

असो. आता पंचाहत्तरी गाठली. हातात वेळ आहे, नातीने शिकवल्यामुळे इंटरनेटही जमतं. त्याच नातीला शाळेत हेलियमवर प्रकल्प होता. मी ऐटीत विजयदुर्गची गोष्ट सांगितली. तिने संध्याकाळी येऊन सांगितलं, "आजोबा, लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते!" मी आधी रागावलो, मग वाचायला बसलो. वाचता वाचता त्या मुलाचे दोन्ही प्रश्न समोर येऊन उभे राहिले. आज जमेल तशी दोन्हींची उत्तरं लिहितो. बेचाळीस वर्षं उशीर झाला आहे, पण उत्तर द्यायचं राहिलं होतं हे खरं.

आधी माझी चूक. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण हिंदुस्थानातून दिसलं हे खरं. सावलीचा पट्टा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणमपर्यंत गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. मराठी मुलखाच्या सगळ्यात जवळ म्हणावा असा होता लेफ्टनंट जॉन हर्शेल. हा प्रसिद्ध हर्शेल घराण्यातला. तो होता जमखंडीला, म्हणजे तेव्हाच्या पटवर्धनांच्या संस्थानात. आज ते कर्नाटकात आहे. लॉकियरने मात्र २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश तपासला. जान्सेननेही ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी गुंटूरला ग्रहणाविना तेच केलं होतं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले.

आता मला सांगा, ऑगस्टात कोकणात कोण दुर्बीण लावील? चार महिने ज्याने सूर्य न पाहता काढले आहेत अशा महाडच्या माणसाला हा प्रश्न तीस वर्षांत एकदाही पडू नये! छापलेलं होतं, सगळे सांगत होते, मीही सांगत गेलो.

मग विजयदुर्गची गोष्ट सगळीच खोटी का? तसं नाही. लॉकियर विजयदुर्गला आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण पाहायला त्याने तिथे तळ दिला. 'मेलपोमेनी' नावाच्या इंग्रज युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. जानेवारीचं कोकणातलं निरभ्र आकाश! सूर्याच्या कडेच्या प्रकाशाची छायाचित्रं घेतली. त्याच ग्रहणासाठी करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते, अमेरिकेची एक तुकडीही तिथे होती. म्हणजे लोकांच्या आठवणीने साहेब बरोबर धरला, किल्ला बरोबर धरला, साल मात्र ३० वर्षं मागे सरकवलं. लोकस्मृती अशीच चालते. शिवकाळाच्या कथांत हे मी मुलांना नेहमी दाखवून द्यायचो. स्वतःच्या बाबतीत विसरलो.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. न जाता कळलं कसं?

चुलीत चिमूटभर मीठ टाकून पाहा. ज्योत पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगांचाच प्रकाश देतं. तो प्रकाश लोलकातून नेला तर ठरावीक जागी रेघा दिसतात. जर्मनीत किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास हे पक्कं केलं. उलटंही खरं आहे. पांढरा प्रकाश थंड वायूतून गेला तर तो वायू नेमके आपलेच रंग खाऊन टाकतो आणि तिथे काळ्या रेघा उरतात. आपण महसूल खात्यातल्या दफ्तरात मोडी वाचणारा माणूस शोधतो ना, तशी ही प्रकाशाची मोडी. वाचता आली की कागद कुठून आला तिथे जायला नको.

गंमत पुढे आहे. १८६८ ला जमखंडीत ढगांच्या फटीतून हर्शेलला ज्या रेघा दिसल्या, त्यांत एक नारिंगी-पिवळी होती. ती त्याने सोडियमची समजली. इतरांचाही तोच समज होता. नीट मोजल्यावर लॉकियरच्या लक्षात आलं की ती सोडियमच्या रेघांच्या शेजारी आहे, त्यांच्यावर नाही. पृथ्वीवर माहीत असलेल्या कशाशीच जुळेना. तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. कितीतरी रसायनशास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसेला एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तेव्हा कुठे वाद मिटला. म्हणजे "अमुक दिवशी अमुक ठिकाणी शोध लागला" हे माझं वाक्यच मुळात चुकीचं. शोध लागायला २७ वर्षं लागली.

सूर्याची हवा वाचता आली, मग माणसं ग्रहांच्या हवेकडे वळली. ग्रहाला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्या हवेत शिरतो, परत फिरतो, आणि येताना तिथल्या वायूंनी खाल्लेल्या रंगांच्या खुणा घेऊन येतो. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत ॲडम्स आणि डनहॅम या दोघांनी शुक्राचा अवरक्त प्रकाश तपासला. तिथे निघाला कार्बन डायऑक्साइड, तोही भरपूर. तोपर्यंत लोकांची कल्पना होती की शुक्रावर ढग आहेत म्हणजे पाऊस असणार, पाऊस म्हणजे जंगल, दलदल. थोडक्यात आपला पोलादपूरचा श्रावण! पुढे रेडिओलहरींनी तापमान मोजलं, १९६२ मध्ये 'मरिनर २' यान जवळून गेलं, १९७० मध्ये रशियाचं 'व्हेनेरा ७' खाली उतरलं. हळूहळू कळलं की तिथे साडेचारशे अंशांवर उष्णता आहे, आपल्या नव्वदपट हवेचा दाब आहे आणि ढग आहेत ते गंधकाम्लाचे. आपली चांदणी पहाटे किती गोड दिसते!

पण कुठला वायू आहे हे कळणं एक, आणि ती हवा वागते कशी हे कळणं दुसरं. इथे मला एक माणूस भेटला, म्हणजे वाचनात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात व्हर्नर सुओमी नावाचे प्राध्यापक होते. १९६६ च्या डिसेंबरात सुटलेल्या एका उपग्रहावर त्यांनी बनवलेला कॅमेरा होता. ३६ हजार किलोमीटरवरून तो पृथ्वीच्या त्याच बाजूची चित्रं पुन्हा पुन्हा काढी. एका चित्रातला ढग दुसऱ्या चित्रात किती सरकला हे मोजलं की वारा कळतो. तिथे पाहायला कुणी जावं लागत नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत 'मरिनर १०' शुक्राजवळून गेलं आणि अतिनील प्रकाशात ढगांची चित्रं घेतली, तेव्हा हीच युक्ती शुक्राला लावली गेली. हे काम सुओमींबरोबर करणाऱ्या संशोधकाचं नाव वाचून मी चष्मा पुसला. संजय लिमये! १९७७ आणि १९८१ सालचे या दोघांच्या नावांचे शोधनिबंध आहेत. लिमये पुढेही शुक्राच्याच मागे राहिले. जपानचं 'अकात्सुकी' यान २०१५ ते २०२४ शुक्राभोवती फिरून माहिती पाठवत होतं, त्या कामातही ते होते. शुक्राच्या ढगांत सूक्ष्मजीव असू शकतील का, यावर त्यांचा २०१८ चा निबंध बराच गाजला.

त्या मोजणीतून काय निघालं? शुक्र स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, पण त्याचे वरचे ढग चारएक दिवसांत ग्रहाला फेरी मारतात. सेकंदाला शंभर मीटर वारा!

आता ही शुक्राची कथा महाडला कशी येते ते पाहा. १९७९ मध्ये मान्सूनचा अभ्यास करायला आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिचं नाव मोनेक्स. त्यासाठी अमेरिकेने आपला एक उपग्रह मुद्दाम हिंदी महासागरावर आणून ठेवला. त्याच्या चित्रांतले ढग मोजून वारे काढायचं काम कुठे झालं? त्याच विस्कॉन्सिनच्या केंद्रात! म्हणजे ज्या लोकांनी शुक्राचा वारा मोजला, त्यांनीच सोमालियाकडून आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळणारा वाराही मोजला. पुढे आपले इन्सॅट उपग्रह आले. २०१३ च्या इन्सॅट-३डीवर तर असं उपकरण होतं, जे अवरक्त प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत पाहून हवेच्या थराथरातलं तापमान आणि ओलावा काढतं. किर्शहॉफचीच मोडी, फक्त आता वरून खाली वाचलेली, आणि वाचलेला ग्रह आपला.

एवढं कळतं, तर डोंगराचं का कळलं नाही? त्या मुलाचा दुसरा प्रश्न.

याचं उत्तर समजायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. हवेचा अंदाज संगणकावर गणित मांडून करतात. त्यासाठी सगळ्या पृथ्वीवर चौकटीच्या वहीसारखे चौकोन आखतात आणि त्यावर उंचीचे थर चढवतात. प्रत्येक चौकोनाला एक तापमान, एक दाब, एक ओलावा, एक वारा. मग हवेचे नियम लावून पुढच्या काही मिनिटांत काय होईल ते काढायचं, त्यावरून त्यापुढचं, असं करत दोन दिवस, पाच दिवस पुढे जायचं. नियम सगळ्या ग्रहांना तेच. वायू, सूर्यापासूनचं अंतर, फिरण्याचा वेग बदलला की त्याच गणिताने शुक्र मांडता येतो. शुक्राच्या हवेवर डॉक्टरेट केलेले जेम्स हॅन्सन पुढे पृथ्वीकडे वळले आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे तापत्या पृथ्वीची साक्ष देऊन आले, ते याच वाटेने.

पण चौकोन केवढा? शुक्राला शेकडो किलोमीटरचा चालतो, कारण त्यात कुणाचं घर नाही. आपल्या हवामान खात्याचं जगभराचं गणित बरीच वर्षं १२ किलोमीटरच्या चौकोनावर चाललं. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत तयार झालेलं ६ किलोमीटरचं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झालं. मी जुना नकाशा काढून पट्टीने चौकोन आखले. महाड ते पोलादपूर दोन-तीन चौकोनांत संपलं. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि पोलादपूरच्या डोक्यावर साडेतेराशे मीटरवर महाबळेश्वर. मध्ये सरळ कडे. एका चौकोनात पायथाही आला, कडाही आला, गणिताला मात्र एकच सरासरी उंची ठाऊक. आमच्याकडे एका वाडीत धो धो पाऊस आणि ओढ्यापलीकडे कोरडं, हे शेंबडं पोरही सांगेल. चौकोनाला ते दिसत नाही. रडार जवळून पाहतं खरं, पण मुंबईला डॉप्लर रडार आलं तेच २००५ नंतर. शिवाय मुंबईहून निघालेली लहर आमच्यापर्यंत येईतो पृथ्वीच्या गोलाईमुळे बऱ्याच उंचावरून जाते. त्या खाली कड्याला अडून काय कोसळतंय ते तिला पुरतं दिसत नाही.

आणि पाऊस कळला तरी दरड कळतेच असं नाही. ती हवेइतकीच जमिनीची गोष्ट आहे. माती किती जाड, खडक कुठे फुटलेला, आधीच्या आठवड्यात किती पाणी मुरलं. हे आकाशातून पूर्ण वाचता येत नाही. त्यासाठी डोंगरावर चढावंच लागतं.

जुनी माणसं पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणायची. २००५ ची ती रात्र पुष्यातलीच. २२ जुलै २०२१ हीसुद्धा पुष्यातलीच. त्या दिवशी तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरला केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही तेच झालं. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कसला म्हातारा! २००५ पेक्षा २०२१ ला उपग्रह चांगले होते, संगणक मोठे होते, जोरदार पावसाचे इशारेही होते. पण इशारा असतो जिल्ह्याला, आणि डोंगर येतो वाडीवर. वीज गेलेली, फोनला रेंज नाही, रस्ता पाण्याखाली. तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. विस्कॉन्सिनहून शुक्र वाचता आला. महाडहून तळियेला निरोप पोचला नाही.

हे लिहिताना कुणाला दोष द्यायचा मनात नाही. २७ वर्षं पिवळी रेघ घेऊन बसलेल्या माणसांबद्दल वाचल्यावर या कामाचा वेग मला थोडा कळला आहे. माणसाने सूर्याची हवा आधी वाचली, मग शुक्राची, आणि आपल्या घरावरची हवा सगळ्यात शेवटी वाचायला घेतली. मला वाटायचं हे उफराटं आहे. आता वाटतं, लांबचं ढोबळ वाचून भागत होतं. जवळचं बारीक वाचावं लागतं, कारण त्यात माणसं राहतात.

लिहून झाल्यावर मी त्या मुलाला फोन केला. मुलगा कसला, आता तोही पंचावन्नचा झाला आहे. सगळं सांगितलं. मिठाची ज्योत, शुक्राचे ढग, चौकोन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे सर, चौकोन अजून लहान करायला पाहिजे. आणि वाडीत एक भोंगा पाहिजे, विजेशिवाय वाजणारा."

बेचाळीस वर्षांपूर्वी याला मी खाली बसवलं होतं!

त्या सहलीतल्या बाकीच्या मुलांना एक विनंती. वही कुणाकडे उरली असेल असं वाटत नाही, पण डोक्यात असेल. तेवढं दुरुस्त करून घ्या. १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता. विजयदुर्गला आला तो १८९८ ला. चूक तुमच्या सरांची होती.